तीन परळ मेथी

कापसाच्या तेजीत अमरावतीत ज्याच्या त्याच्या घराला काहीतरी नवं लागत होतं. कुणी दाराला पितळी कड्या बसवल्या, कुणी ओसरीत झुंबर टांगलं. माझे सासरे कापसाचे व्यापारी. ते मुंबईला गेले आणि रंगीत काचा घेऊन आले. माडीवरच्या खोलीला तीन खिडक्या होत्या. एकीला लाल काच लागली, एकीला निळी, एकीला हिरवी. दुपारी सासूबाई खोलीभर फिरू लागल्या की त्या आधी लाल दिसत, मग निळ्या, मग हिरव्या, आणि मला पदर तोंडाशी धरावा लागे.

पाऊस संपल्यावर सासूबाईंनी तुळशीचं एक रोप हिरव्या खिडकीशी ठेवलं. ते दिवसेंदिवस फिकट आणि लुकडं होत गेलं.

"तुमच्या काचेनं माही तुळस खाल्ली," त्या सासऱ्यांना म्हणाल्या.

"काच काय खाते? पाणी कमी पडलं असन," सासरे म्हणाले. "पान हिरवं, काच हिरवी. तिथं तर झाड उलट जोमानं वाढाले पायजे."

"मंग वाढवून दाखवा."

झालं. मातीचे तीन पसरट परळ आले. एकाच टोपलीतली काळी माती, एकाच मुठीतले मेथीचे दाणे. सासऱ्यांनी अर्थातच हिरवी खिडकी धरली. सासूबाईंनी लाल घेतली, कारण तो कुंकवाचा रंग. निळी उरली ती माझ्या वाट्याला आली. मी नवी सून, पण तोंडाची फटकळ. म्हटलं, "मी जिंकले तर मले आगगाडीनं अकोल्याले न्या." गाडी नुकतीच बडनेऱ्यापर्यंत आली होती आणि माझं माहेर अकोल्याचं. सासरे हसले. "पयले जिंक त खरी."

मेथी तिन्ही परळांत बरोबरच उगवली. मातीखाली दाण्याला काचेचा रंग कुठून कळणार? फरक पडला तो कोंब वर आल्यावर. सासूबाईंची मेथी सरसर उंच झाली. सासऱ्यांचीही लांबली, पण पिवळट, आणि मान टाकून बसली. माझी मात्र बुटकी, जाड देठाची, गर्द हिरव्या पानांची. सासूबाईंनी माझ्या परळात डोकावून म्हटलं, "तुही त बसूनच राहिली वं."

एका दुपारी मी वाळवण उलटायला गच्चीवर गेले, तर सासरे परळ घेऊन उन्हात उभे.

"मामंजी, हे काय?"

"काही नाही," ते म्हणाले, "त्याले जरा हवा दाखवून राहिलो."

मी खाली येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या दिवशी सासऱ्यांना जेवणात वरणाबरोबर बरंच काही ऐकावं लागलं, आणि परळ पुन्हा हिरव्या खिडकीत गेला.

निवाडा करायला सासऱ्यांचे एक दोस्त आले. ते अत्तराचे व्यापारी, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. सासूबाई दाराआडून बोलल्या, "उंची पाहा, भाऊजी. दुसरं काय पाहाचं?"

चाचांनी तिन्ही परळ ओसरीत मांडले. "भाभी, उंच तो बांबूबी रायते. पाण्याखाली तगते कोन ते पाहू," म्हणत त्यांनी हातातल्या लोट्यातलं पाणी तिन्ही परळांवर सारखंच ओतलं. हिरव्या खिडकीची मेथी आडवी झाली. लाल खिडकीची वाकली, अर्धी उभी, अर्धी पडलेली. माझी मेथी मात्र पानं झटकून उभी राहिली.

"बहूची मेथी," चाचा म्हणाले.

सासूबाईंना हे पटलं नाही. पाणी आपल्याच परळात जोरात पडलं, असं त्या किती दिवस सांगत होत्या. पण सासऱ्यांनी शब्द पाळला. "जा म्हनलं त जा," ते म्हणाले, "पन एकटी नाही." म्हणजे सासूबाईंना यावं लागणार होतं. लोखंडी गाडीत पाय ठेवणार नाही, हे त्या बडनेऱ्याच्या फलाटावरही सांगत होत्या.

गाडी हलली तशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले. मूर्तिजापूर आलं तरी उघडले नाहीत. मग हळूच एक उघडला.

"अकोला अजून किती दूर हाय वं?"

"आता जवळच हाय, आत्याबाई."

"एवढ्यात?" त्या म्हणाल्या. त्यांनी दुसराही डोळा उघडला आणि मला सरकवून खिडकीची जागा घेतली.