सातवा गाळा बद्द

नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलाला आठ दगडी खांब आणि नऊ गाळे. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतचा, टोकांना काठापर्यंतचा, पूल म्हणजे एक गाळा. एकेका गाळ्यात लोखंडी पत्रे जोडणारे चार हजारांच्या वर रिव्हेट, आणि त्यातला एकही असा नव्हता, की ज्याला ठोक्याने आयुष्यात निदान तीन-चार वेळा हातोडी लावली नसेल.

ठोक्या हे त्याचे नाव नव्हे. पण पगाराच्या दिवशी कारकून खरे नाव पुकारी, तेव्हा तो स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघे, असे त्याचे सोबती सांगत. पुलाच्या टोळीत रंगवाले होते, वंगणवाले होते, पुराआधी खांबांच्या पायाशी दगड टाकणारे होते. ठोक्या एकटाच होता. हातभर दांड्याची छोटी हातोडी घ्यायची, दोराला टांगलेल्या फळीवर बसायचे आणि रिव्हेटच्या डोक्यावर बाजूने एक टोला द्यायचा. घट्ट बसलेला रिव्हेट खणकन बोले. सैल झालेला बद्द वाजे, तडा गेलेल्या मडक्यासारखा. बद्द वाजला की त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाचे कडे काढायचे. मागून छाटणारे येत, कडे असलेला रिव्हेट काढून तिथे नवा बसवत. कड्याची खातरजमा कोणी करत नसे. ठोक्याने कडे काढले म्हणजे विषय संपला.

हे काम त्याला म्हाताऱ्या उस्तादाने शिकवले. उस्तादाच्या बापाने हा पूल बांधताना पाहिला होता. त्याआधी नदीवर साखळीने बांधलेल्या नावांचा पूल होता आणि पाणी चढले की तो सोडून द्यावा लागे. मग दोन्ही काठांची माणसे एकमेकांकडे महिना महिना नुसती बघत बसत. मग लोखंड आले, तुकड्यातुकड्यांनी, नावांवर लादून. भट्टीत लालबुंद केलेला रिव्हेट खालून चिमट्याने वर भिरकावला जाई, वरचा माणूस तो बादलीत झेले आणि गरम आहे तोवर दोघे दोन बाजूंनी त्याला ठेचत. निवताना तो आखडतो आणि दोन पत्रे असे आवळून धरतो, की पुन्हा सोडायचे नाव नाही. उस्ताद हे सांगताना दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून दाखवी आणि जोर लावून सोडवायला सांगे. ठोक्याला ती कधीच सुटली नाहीत.

उस्तादाने आणखी एक शिकवले होते. टोला देताना डाव्या हाताचा अंगठा रिव्हेटच्या डोक्याला पलीकडून टेकवून ठेवायचा. सैल असेल तर अंगठ्याखाली तो किंचित हलतो. कान थकला तर बोटाला विचार, असे तो म्हणे. ठोक्याने पहिली दोन वर्षे अंगठा लावला. नंतर सोडून दिला. त्याचा कान असा तयार झाला होता, की अंगठा लावणे त्याला पांगुळगाडा धरून चालण्यासारखे वाटू लागले. एकदा वरून मालाच्या गाड्या धडधडत असताना त्याने खालून तीन बद्द रिव्हेट हेरले आणि ते तिन्ही खरोखर सैल निघाले. त्या दिवशी मुकादमाने सगळ्या टोळीला त्याच्या नावाने चहा पाजला. तेव्हापासून त्याच्या कानाची दोन्ही काठांवर ख्याती झाली.

काय दिवस होते ते. उन्हाळ्यात दुपारी पूल तापला की एकेक गाळा बोटभर लांबे. गाळ्याच्या एका टोकाखाली पोलादी रूळ होते, त्यांवरून तो इतका हळू सरके, की डोळ्यांना दिसत नसे. पण फळीवर बसलेल्या ठोक्याला लोखंडाचा एक दीर्घ निःश्वास ऐकू येई. संध्याकाळी पूल पुन्हा आखडे. खाली पाणी, वर पायवाटेच्या लाकडी फळ्या आणि फळ्यांच्या फटींतून दिसणारी, त्याहून जास्त ऐकू येणारी पावले. घाईची, रेंगाळणारी, भांडून चाललेली. त्यांत एक पाऊल रोज सकाळी पलीकडच्या काठावरून येई आणि त्याच्या डाव्या चपलेतून दर वेळी एक बारीक टक् निघे. आठवडाभर त्याने ते ऐकले. मग एका सकाळी वर चढून कठड्याशी उभा राहिला आणि शिवणकामाच्या कारखान्यात निघालेल्या त्या मुलीला म्हणाला, तुमच्या डाव्या चपलेचा खिळा सैल आहे. ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली, की लोकांची लग्ने डोळ्यांनी जमतात, माझे कानाने जमले.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी ठोक्याच्या वाट्याला सातवा गाळा आला. आदल्या वर्षी सहाव्यात जरा जास्तच रिव्हेट बद्द निघाले होते, पण सातव्याने त्याची झोपच उडवली. दर दुसरा-तिसरा रिव्हेट बद्द. त्याने दोनदा तपासले, हातोडीचा दांडा बदलला, पुन्हा ठोकले. शेवटी एकोणीसशे कडी काढून, हात रंगाने पांढरेफटक करून तो कचेरीत गेला आणि म्हणाला, सातवा गाळा बद्द आहे. ते वाक्य जसेच्या तसे नोंदवहीत गेले. महिन्याच्या आत पूल बंद झाला. खालच्या अंगाला सिमेंटचा नवा पूल तयार होतच होता, वाहने तिकडे वळली. ठोक्या निवृत्त झाला. दोन वर्षांनी बंद फाटकावर कागद चिकटवला गेला: पाणी ओसरल्यावर पूल उतरवण्यात येईल.

ठोक्याला वाईट वाटले, पण त्या वाईट वाटण्यात एक ताठपणाही होता. म्हातारा झाला पूल, आपण वेळीच ओळखले, माणसे वाचली.

त्याच सुमारास बायकोने बाजारातून चिनी मातीचे सहा कप आणले. नेहमीप्रमाणे प्रत्येक कप नखाने टिचकी मारून, वाजवून घेतलेला. घरी आल्यावर तिने ते टेबलावर मांडले आणि चमच्याने एकेक वाजवून दाखवला. ठोक्या वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, सहाच्या सहा बद्द आहेत, फसवलं तुला. बायकोला ते झोंबले. कपड्याचा पोत आणि कपाचा आवाज यांत तिला आजवर कोणी फसवले नव्हते. ती म्हणाली, चला दुकानात.

दुकानदाराने कप हातात घेतला, टिचकी मारली आणि गोंधळून दोघांकडे पाहिले. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाईक बाईंनीही मारली. छान वाजतोय की, त्या म्हणाल्या. मग दुकानदाराने फळीच्या मागून एक खरोखर तडकलेला कप काढला आणि दोन्ही आळीपाळीने वाजवले. ठोक्याने डोळे मिटून ऐकले. दोन्ही आवाज त्याला सारखेच आले. मऊ, ओले, मातीवर माती पडावी तसे.

त्याने डोळे उघडले तेव्हा बायको त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले. ती काय बोलली ते त्याला कळले नाही. गेल्या काही वर्षांत सगळेच हळू बोलायला लागलेत, असे त्याला वाटत आले होते; टोळीतले जुने सोबती तेवढे बरोबर बोलत. आता त्याच्या लक्षात आले, की ते सगळे एकमेकांशी ओरडून बोलत.

कप तसेच परत घरी आले. ठोक्या जेवला नाही. खणखणणारा आवाज हा उंच असतो, बद्द आवाज खालचा. कानातून उंच आवाज निघून गेला तर मागे काय उरणार? बद्दच. मग सातव्या गाळ्यात सैल कोण होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुकादमाकडे गेला. मुकादम आता नातवंडांत रमला होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मग त्याला समजावले. पूल तसाही जुना झालाय. नवा पूल झालाय, कोणाचे काही अडत नाही. तू कानाचा राजा म्हणून घरी गेलास, तसाच राहा. आता हे उकरून काढलेस तर दोन्ही काठांवर हसतील.

"आणि सहाव्यातले चांगले रिव्हेट छाटायला लावलेस ते?" मुकादम शेवटी म्हणाला. "तेही सांगणार आहेस?"

"सहाव्याचं मला आत्ता तुझ्याकडून कळलं," ठोक्या म्हणाला. "तेही सांगावं लागेल."

घरी येऊन त्याने बायकोला हे सांगितले. तिने चहा ठेवला, नव्या कपात ओतला आणि त्याच्या समोर, तोंड दिसेल अशी बसली. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं लोकांच्या पायाखाली पूल राहावा म्हणून ठोकत होता, की लोकांनी तुम्हाला ठोक्या म्हणावं म्हणून?"

त्याने चहा पिऊन टाकला आणि पायात चपला घातल्या.

कचेरीत जुने ओळखीचे कोणी उरले नव्हते, एक कारकून सोडला तर. पुलांचे काम आता एका तरुण इंजिनिअर बाईंकडे होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर जुन्या पुलाचा मोठा आराखडा टांगलेला होता आणि सातव्या गाळ्यावर लाल पेन्सिलीने फुली मारलेली होती. त्या म्हणाल्या, बसा काका. तो बसला नाही. रस्ताभर त्याने एक लांबलचक भाषण जुळवले होते, उस्तादापासून सुरू होणारे. ते सगळे त्याने सोडून दिले.

"पूल बद्द नाही, बाई," तो म्हणाला. "मी बद्द झालोय."

बाईंना आधी कळले नाही. मग त्याने कपांचे सांगितले, आवाजांचे सांगितले, सहाव्या गाळ्याचेही सांगितले. कारकुनाने लिहायचे थांबून मान खाली घातली. बाईंनी मध्येच हसण्यासारखे काही केले नाही, याचे ठोक्याला फार बरे वाटले. त्या म्हणाल्या, यंत्राने तपासणी व्हायला हवी होती. तुमचा शब्द पुरेसा धरला, ही चूक तुमच्या एकट्याची नाही. आता यंत्र मागवते. पण ते यायला दोन महिने लागतील आणि पूल उतरवायचे काम त्याआधी सुरू होईल. ते थांबवायचे तर आत्ता हातात काहीतरी पाहिजे.

ठोक्याने आपला डावा अंगठा पुढे केला.

बारा दिवस लागले. गुडघे दुखतात म्हणून फळीऐवजी बाईंनी पाळणा बांधून घेतला. हातोडी बाईंच्या हातात, अंगठा ठोक्याचा. पहिल्या दिवशी त्यांचा टोला तीनदा त्याच्या नखावर बसला. त्याने तक्रार केली नाही. उस्तादाने त्याला नेम शिकवताना काठीने मारले होते, हे मात्र ऐकवले. खाली तेच पाणी, तोच शेवाळी वास, दुपारी लोखंडाला येणारी तीच ऊब. वरच्या फळ्यांवरून मात्र कोणी चालत नव्हते, आणि असते तरी त्याला ऐकू आले नसते. तो डोळे मिटून अंगठ्याने ऐकत राहिला. लोखंड थिर होते. एकामागून एक पांढरी कडी, त्यानेच काढलेली, आणि प्रत्येकाच्या आत आपल्या जागी मुठीसारखा आवळलेला रिव्हेट. तो म्हणे, पुढे. बाई कडे पुसून टाकत. क्वचित अंगठ्याखाली एखादा बारीक थरथरे, तेव्हा तो म्हणे, हा ठेवा.

एकोणीसशेतले त्रेसष्ट उरले.

बाईंनी वर कळवले, पूल उतरवायचे काम थांबले. पुढे यंत्र आले, त्याने त्रेसष्टच्या जागी अडुसष्ट सांगितले आणि ठोक्या दोन दिवस त्या पाच रिव्हेटांवरून घरात कुरकुरत होता. सहाव्या गाळ्यात छाटलेल्यांच्या जागी बसवलेले नवे रिव्हेट तपासले, ते घट्ट होते. नुसताच फुकट त्रास दिला त्या गाळ्याला, असे तो बायकोला म्हणाला. जड वाहने नव्या पुलावरच राहणार होती. जुना पूल पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी खुला करायचे ठरले.

नोंदवहीतली जुनी नोंद तशीच ठेवता येत नव्हती. तिच्याखाली दुरुस्ती लिहायची आणि सही ज्याची त्याचीच हवी. म्हणून त्याला पुन्हा कचेरीत बोलावले. खोली भरलेली होती. पूल खुला होणार म्हणून दोन्ही काठांवरचे लोक, दुकानदार, शाळामास्तर, टोळीतले दोघे-तिघे आणि मुकादमही आला होता. बाईंनी नोंद लिहून ठेवली होती. त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली, आणि त्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून हळूच, फक्त त्याच्यापुरते वाचून दाखवले.

ठोक्याला त्यातले एक अक्षर कळले नाही. त्याने सवयीने मान हलवली, पेन उचलले. मग पेन खाली ठेवले.

"मोठ्यानं वाचा, बाई," तो भरल्या खोलीत म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

बाई उभ्या राहिल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या.