दोडक्याची गोवरी

एस.टी. यायला अवकाश होता, म्हणून आबांनी फाट्यावर माझी ट्रंक पुन्हा एकदा उघडायला लावली. सगळ्यात वर काचेत बसवलेलं बी.ए.चं सर्टिफिकेट, खाली दोन शर्ट, दोन धोतरं, आणि तळाशी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी. आबांनी ते वासावरूनच ओळखलं.

"बी.ए. झालेल्या मानसाच्या ट्रंकेत शेन?"

"शेन न्हाई ते, दोडका हाय," आई म्हणाली.

तुम्ही वाचणारे बहुतेक गावाकडचेच, तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्यातल्या ज्यांची मुलं इकडे शहरात वाढताहेत, त्यांच्यासाठी लिहितो. आमच्याकडे दोडक्या-काकडीचं बी ठेवायची रीत अशी, की ते ओल्या शेणात दाबायचं, त्याची गोवरी थापायची आणि मागच्या भिंतीला मारायची. कीड लागत नाही, उंदीर शिवत नाही. पेरायच्या वेळी गोवरी फोडायची. थापणारीच्या बोटांचे ठसे गोवरीवर तसेच वाळतात. आमच्या भिंतीवर वर्षभर आईचे पंजे असायचे.

आबा एवढंच म्हणाले, "येक ध्यानात ठेव. हात आता मातीत घालायचा न्हाई. त्यापायी न्हाई शिकवला."

मी मनातून आबांच्या बाजूचा होतो. घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि त्याचा अभिमान मला तेव्हा होता, आजही आहे. गोवरी मी शर्टांच्या खाली आणखी आत सारली, कुणाला दिसू नये म्हणून. ते आईने पाहिलं. एस.टी. आली.

ठाण्याला कचेरीत नोकरी आणि डोंबिवलीला चाळीत वरच्या मजल्यावर शेवटची खोली. दारावर पाटी लावली, नावापुढे बी.ए. चाळीत सगळी कुटुंबं. संध्याकाळी प्रत्येक दारातून फोडणीचा वास यायचा आणि मी खाणावळीचा टिफिन उघडायचो. लोक वाईट नव्हते. कुणी टाकून बोललं नाही, पण कुणी ये बस असंही म्हणालं नाही. 'हाय' सोडून 'आहे' म्हणायला मला सहा महिने लागले. रविवारी कधी कधी लक्षात यायचं, की शनिवारी ऑफिस सुटल्यापासून आपण तोंडच उघडलेलं नाही. गोवरी फळीवर होती, तशीच गुंडाळलेली.

पुढच्या वर्षी आई गेली. तार हातात पडून मी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. तेराव्यानंतर मागच्या भिंतीकडे गेलो तर ती मोकळी. धाकटा भाऊ म्हणाला, "पाव्हण्यांच्या अंघोळीला पाणी तापवाया लागायचं. बायकांनी गोवऱ्या काढल्या. ध्यानातच आलं न्हाई कुनाच्या." पंचवीस-तीस वर्षं आईने राखलेला दोडका बंबात जळून गेला होता. उरली होती ती फक्त माझ्या फळीवरची गोवरी, आणि ती मी लपवून आणली होती. निघताना परसातली काळी माती पोतंभर भरून घेतली. आबांनी ते पाहिलं.

गोवरीची एक कड मोडली, चार बिया निघाल्या. रॉकेलच्या डब्याला खालून भोकं पाडली, तो दारापुढे गॅलरीत ठेवला, आपली माती गच्च भरली आणि पेरलं. मला वाटलं, बी आईचं, माती आईची, आता काय कमी आहे? पण शेतातली काळी माती डब्यात कशी वागते ते ठाऊक नव्हतं. पाणी घातलं की ती फुगायची, वाळली की विटेसारखी आवळून पत्र्यापासून सुटायची. मग घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली. मधे कोरडी ठाक, तळाला चिखल. रोपं चार पानांवर आली आणि पिवळी होऊन गेली.

मी शिकलेला माणूस. एका जुन्या शेतकी पुस्तकात वाचलं, भारी मातीत वाळू मिसळावी. पुढच्या वर्षी खाडीवरून पोतंभर रेती आणली, निम्मी माती निम्मी रेती केली आणि आणखी चार बिया टाकल्या. आम्हा देशावरच्या माणसांना वाळू म्हणजे वाळू. ती खारी असू शकते हे डोक्यातच आलं नाही. पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरी साय धरली.

चाळीत भाजी घेऊन येणारी जनाबाय खाडीकडच्या गावातली. ती डब्यापाशी थांबली, बोटाने ती साय उचलून जिभेला लावली.

"भाऊ, मीठ पिकवतंस काय?"

शेजारच्या खोलीतले दामले दारात वाटाणे निवडत होते, ते मोठ्याने हसले. मला राग आला. मी तिला म्हटलं, माती आमच्या परसातली आहे, तिच्यासारखी माती इकडे मिळायची नाही.

"माती राणीच हाय तुजी," जनाबाय म्हणाली. "पन राणी शेतान बरी. डब्यान तिला वारा नाय, ती गुदमरतं." मग बोटांवर मोजत तिने सांगितलं. एक वाटा तुझी काळी, कुटून चाळून. एक वाटा आमच्या बांधावरची तांबडी, ती मी आणीन. एक वाटा वाळू, पण नदीची, गोड्या पाण्याची. वर ओंजळभर भाताचा तूस, भाजून काळा केलेला. आणि जुनं शेण. "जुनं म्हंजे जुनं. मुठीन घेतलं तं वास नाय आला पायजे."

"जुनं शेण कुठून आणू? तबेल्यात ताजंच मिळतं."

तिने दारातून आत फळीकडे पाहिलं. "ता काय ठेवलंस?"

"ते आईचं आहे."

"मंग? शेनच हाय ना." तिने आत येऊन ते उचललं आणि फडकं सोडलं. कडा मोडून मोडून गोवरीचा मधला भागच राहिला होता, आणि त्यावर चार बोटं उमटलेली. जनाबायने त्यावर आपली बोटं ठेवली नाहीत, नुसती जवळ धरली. "हात बारीक व्हता तुज्या आयचा," म्हणाली आणि गोवरी परत फडक्यात ठेवली.

आत तीन बिया उरल्या होत्या, नेमक्या बोटांच्या खाली. पंधरा दिवस मी काही केलं नाही. ऑफिसला जायचो, यायचो, गोवरी बघायचो. आईचा फोटो आमच्याकडे नाही, काढलाच नव्हता. तो ठसा फोडला की तिचं म्हणून काही उरणार नव्हतं. आणि ठेवला, तर बी आणखी वर्षा-दोन वर्षांत मरणार, मग ठशाच्या खाली काहीच नसणार. हे विचारायला कुणी नव्हतं. भावाला पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं, कारण पत्र आबांना वाचून दाखवलं जाई.

एका रविवारी खडवलीला गेलो, नदीतली वाळू पिशवीत भरून आणली. घरच्या मातीचं पोत्यात उरलेलं ढेकूळ गॅलरीत बसून कुटलं, पिठाच्या चाळणीने चाळलं. तांबडी माती आणि भाजलेला तूस जनाबायने आणून दिला होता.

दामले म्हणाले, "काय हो, बी.ए.ला शेतीही होती का?"

"नाही. ती घरी शिकलो," मी म्हटलं. ते नंतर हसले नाहीत. चाळीत माझं तेवढंच एक उत्तर मला आवडलेलं आहे.

मग गोवरी फोडली. बिया बाजूला काढल्या. बाकीची हाताने चुरली, पाणी शिंपडून रात्रभर ठेवली आणि सगळ्यात शेवटी डब्यात मिसळली. काळी, तांबडी, वाळू, तूस आणि ती. मिसळल्यावर कुठलं काय ते ओळखू येईना. मुठीत दाबलं तर गोळा होत होता आणि बोट लावलं की सुटत होता. सोमवारी ऑफिसात नखं काळी होती. दिवसभर हात टेबलाखाली ठेवले.

तीनपैकी एकच बी उगवली. पण ती चढली, गॅलरीच्या कठड्यावरून दामल्यांच्या दारापर्यंत गेली. पहिला दोडका खायचा नसतो, बियाण्याला ठेवायचा असतो. तो वेलावरच वाळू दिला, आत बी वाजेपर्यंत. दुसरा काढला. आई करायची तसा देठाकडचा तुकडा कच्चाच चावून पाहिला. कडू नव्हता. अर्धा जनाबायला दिला, अर्धा स्टोव्हवर शिजवून खाल्ला, आणि कडू नव्हता हे सांगायला खोलीत कुणी नव्हतं.

दिवाळीला चार दिवसांची कॅज्युअल टाकून गावी गेलो. ट्रंकेत या वेळी गोवरी सगळ्यात वर होती. तबेल्यातलं शेण आणून, त्यात पहिल्या दोडक्याचं बी दाबून गॅलरीतच थापलेली, वेडीवाकडी. आबांनी ती हातात घेतली, कानाशी हलवली, मग बराच वेळ ठसे बघत राहिले.

"हात तुझा?"

"हो."

मला वाटलं, आता बोलतील. ते उठले, मागच्या भिंतीकडे गेले, जिथे आईच्या गोवऱ्यांचे गोल डाग अजून होते. त्यातल्या एका डागावर त्यांनी थोडं ओलं शेण लावून माझी गोवरी चिकटवली आणि पडू नये म्हणून तळहाताने दाबून धरली. "शेन सैल झालंय," म्हणाले. "फुडच्या येळेला घट्ट घे."

आता आबाही थकलेत. मी 'मी गेलेलो, आलेलो' असं इकडचं बोलायला लागलोय, गावी गेलो की भाऊ त्यावरून हसतो. गॅलरीत पाच डबे आहेत. दर वर्षी जुनी माती नव्यात मिसळतो, टाकून देत नाही. घर कुठलं असं ऑफिसात कुणी विचारलं की मी गावाचं नाव सांगतो, आणि गावात विचारलं की डोंबिवलीचं, आणि दोन्हीकडे सांगताना थोडं खोटं बोलल्यासारखं वाटतं. खरं सांगायचं तर आईचा हात इथे डब्यात मिसळून गेलाय, आणि माझा तिकडे तिच्या भिंतीवर वाळतोय.