देवाच्या वळूची तपासणी

सर्व ग्रामस्थांस, गोधनास आणि विशेषेकरून समस्त वळूंस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, यापुढे कोणाही वळूने केवळ वशिंड आणि डरकाळी यांच्या बळावर स्वतःस मर्द समजू नये. सरकारने सूक्ष्मदर्शक आणला आहे.

ही दवंडी मी मनातल्या मनात पिटत असे. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. गोंदियाजवळच्या सरकारी पैदास केंद्रात मी प्रयोगशाळेचा मदतनीस होतो, आणि माझी नोकरी कसली ते सांगितलं की लग्नाच्या पंगतीत बायका तोंडाला पदर लावत. वळूचं वीर्य रबरी नळीत धरायचं, काचेच्या नळीत उतरवून कोमट ठेवायचं, आणि थेंबभर काचपट्टीवर घेऊन डॉक्टरसाहेबांपुढे सरकवायचं. चांगल्या वळूचा थेंब भिंगाखाली नुसता उसळत असे, जत्रेतल्या गर्दीसारखा. अशा वळूपासून गाई गाभण राहणार, असं साहेब छातीठोक सांगत.

एका सकाळी नागरा गावाकडून मिरवणूक आली. पुढे पांढराशुभ्र, डोंगराएवढा वळू. मागे एक पोवार शेतकरी, त्याची म्हातारी आई आणि बायको. वळूच्या मांडीवर त्रिशूळाचा डाग होता. शेतकऱ्याच्या वारलेल्या बापाच्या नावानं तो महादेवाला सोडलेला होता. रुबाब असा, की मी उठून उभाच राहिलो. पण गावच्या गाई त्याच्यापासून गाभणच राहत नव्हत्या, पुन्हा पुन्हा उलटत होत्या, म्हणजे परत माजावर येत होत्या.

"देवाचा वळू खोटा कसा राहीन, डाक्टरबाबू?" म्हातारीनं आल्या आल्या निकाल लावला. "हे वांझोटी रोज आपल्या हातानं कोंडा चारून राहिली त्याले. इच्या हाताचंच हाय हे."

सून कोपऱ्यात जमिनीकडे बघत उभी. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, कूस उजवली नव्हती. सालेकशाकडची दुसरी मुलगी बघूनही ठेवली होती. नवरा तसा मवाळ. त्यानं सर्वांसमक्ष कबूल केलं, "वळूतच खोट निघाली, त मी दुसरी नाई आणत. डाक्टरबाबू म्हणतीन तसं."

म्हणजे केंद्राच्या इतिहासात पहिल्यांदाच कोणीतरी वळू नापास व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसलं होतं.

साहेबांनी भिंगाला डोळा लावला. बराच वेळ लावला. "सगळे मेलेले आहेत," ते म्हणाले.

सुनेनं मान वर केली. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला.

"मेले कसे?" म्हातारी कडाडली. "मी त नागऱ्याच्या महादेवाचं तीर्थ टाकलं त्या नळीत!"

"काय टाकलंत?"

"तीर्थ! तुमचा हा पोरगा रबर धुवाले गेला तवा. देवाचा वळू हाय न, देवाचं पाणी नोको?"

साहेबांनी डोक्याला हात लावला. पाणी पडलं की ते जीव जागच्या जागी मरतात; परीक्षा बाद. परत या, म्हणाले. म्हातारी विजयी मुद्रेनं वळूच्या पुढे चालू लागली. सून सगळ्यांत मागे.

पुन्हा आले तेव्हा साहेबांनी म्हातारीला अंगणातल्या बाकावर बसवलं आणि नळी क्षणभरही हातातून सोडली नाही. पट्टी कोमट, नळी कोरडी, सगळं शास्त्रशुद्ध. मग भिंगातून बघितलं आणि मलाही बघायला लावलं. काहींना शेपट्या नव्हत्या, काहींच्या वळलेल्या, आणि हलत तर कोणीच नव्हतं. वाळलेलं शेवाळ दिसावं तसं.

"दोष वळूतच आहे," साहेब अंगणात येऊन म्हणाले. "जन्मापासून असेल. चारणाऱ्याच्या हाताचा काही संबंध नाही."

मी मनात तुतारी फुंकली. जरा घाईच केली.

"पाहा!" म्हातारी लेकाकडे वळली. "मेले म्हणते न डाक्टर? इच्या हातानं देवाचा वळूही मेला. आता त आण दुसरी!"

साहेबांनी पुन्हा समजावलं. हिंदीतून समजावलं. हातवारे करून समजावलं. नवरा दावं बोटाभोवती गुंडाळत, सोडत, गुंडाळत राहिला. "मायचं मन मोडता येत नाई, बाबू," एवढंच म्हणाला.

दुसरी त्याच उन्हाळ्यात आली. तिलाही मूलबाळ झालं नाही, आणि पुढे म्हातारी दोघींच्या हातचं पाणी पिईना, असं माझ्या कानावर आलं. वळू देवाचा, म्हणून त्याला कोणी खच्ची केलं नाही. तो गावात फिरत राहिला, गाई उलटत राहिल्या. साहेब आपला सूक्ष्मदर्शक घेऊन बदलीवर गेले.

पण त्या दिवशी अंगणात, नवऱ्याचं ते वाक्य संपतं न संपतं तोच, आजवर एक शब्द न बोललेली सून सरळ साहेबांपुढे येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"डाक्टरबाबू, वळूतही खोट राहते म्हणता न? मंग एक डाव आमच्या घरधन्यालेही त्या काचेखाली पाहा न!"