वसंता काही रिटायर होईना

लखनौत मी ज्याला फसवलं नाही असा एक माणूस दाखवा, चहा पाजतो! चौकातल्या चिकनकारीच्या दुकानात आयुष्यभर कुर्ते इस्त्री केले आणि शेटपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना टोप्या घातल्या. बायको होती तेव्हा म्हणायची, "हो, आणि दर वेळी पकडलेही गेलात."

ते असो. घरात एक माणूस रिटायर झाला की किश्श्यांचा असा ढीग साठतो, की सणाच्या आधी माझ्याकडे कपड्यांचा साठत नसे! माझा धाकटा भाऊ वसंता रेल्वेत स्टेशन मास्तर होता, तो यंदा रिटायर झाला. लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या घरात तो, त्याची मुलगी मीनल आणि मी. म्हणजे एक गरीब आणि दोन टवाळ.

*

पहिल्याच सकाळी साहेब आंघोळ करून, पांढरा युनिफॉर्म घालून फाटकाशी उभे! मीनलनं पुठ्ठ्यावर 'पापा हॉल्ट' असं लिहून फाटकाला टांगलं. वसंता बराच वेळ बघत राहिला. आम्हाला वाटलं, चिडला.

"बोर्ड पिवळा लागतो," तो म्हणाला. "अक्षरं काळी."

संध्याकाळपर्यंत स्वतः रंगवून टाकला! आता सब्जीवाला भैया रोज विचारतो, "मास्टर साहब, ठेला आगे लूँ?"

*

रेल्वेची एक रीत आहे. गेटमन फाटक लावतो आणि स्टेशनवर फोन करून आपल्या कागदावरचा एक आकडा सांगतो. तो प्रायव्हेट नंबर. आकडा मिळाला की मास्तर गाडी सोडणार. नुसतं 'बंद केलं साहब' चालत नाही.

ही रीत वसंतानं घरात आणली. मीनलचं ऑफिस गोमती नगरात. तिथून तिचा फोन, "पापा, पहुँच गई।"

"नंबर?"

"पापा, मैं बेटी हूँ, फाटक नहीं!"

"नंबर दे."

"अच्छा यार, बाईस!"

बावीस डायरीत लिहिला, मगच नाश्त्याला बसला.

*

मग जानेवारीतलं धुकं पडलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. मीनल स्कूटर बाहेर काढत होती, तर वसंतानं हात आडवा घातला. "थांब. लाईन क्लिअर नाही."

"पापा, लेट हो रहा है!"

तेवढ्यात धुक्यातून एक भलामोठा सांड आला आणि स्कूटरच्या नाकासमोरून गेला. पायांचा आवाजसुद्धा नाही.

मी म्हटलं, "वसंता, तुला दिसला कसा रे?"

"दिसला नाही. विचारलं."

कुणाला विचारलं ते मी विचारलं नाही. माझ्यासारख्यानं!

*

एकदा त्याची डायरी चाळली. जुनीच, ड्यूटीवरची. पानं आकड्यांनी भरलेली, फक्त एका ओळीत वेळ लिहिलेली आणि पुढं कोरं.

"काय मास्तर, इथं डुलकी लागली होती वाटतं?"

तो हसला नाही. म्हणाला, "सुमेर नावाचा गेटमन होता. असंच धुकं होतं. मी नंबर मागितला. म्हणाला, 'फाटक देखकर देता हूँ साहब.' फोन तसाच ठेवून गेला तो आलाच नाही. सापडलाही नाही. गाडी मी सोडली नाही, दुसरा माणूस येईपर्यंत थांबवली. पण सुमेरचा नंबर यायचाय, अण्णा. तो आल्याशिवाय मी सुटलो असं वाटत नाही."

*

आता यात माझं काय चुकलं, सांगा! मला वाटलं, करून टाकू भावाला एकदाचं मोकळं.

मीनलचा जुना मोबाईल घेऊन गच्चीवर गेलो, वसंताला फोन लावला आणि आवाज बदलला. "साहब, सुमेर बोल रहा हूँ। फाटक बंद है। नंबर इकतालीस।"

पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग वसंता म्हणाला, "एक्केचाळीस. ठीक है, सुमेर।"

त्या दुपारी वसंता जन्मात पहिल्यांदा जेवून झोपला. घोरला! युनिफॉर्म घडी करून ट्रंकेत गेला. मीनल म्हणाली, "अण्णाकाका, पापा सच में रिटायर हो गए!" मी मिशीला पीळ दिला.

चहाच्या वेळी वसंता जवळ येऊन म्हणाला, "आवाज चांगला काढलास हं. पण तुझ्या मागे खोकत कोण होतं?"

गच्चीवर मी एकटाच होतो.

*

मागच्या रविवारी आम्ही तिघं पोहे खात होतो. बाहेर पुन्हा धुकं. वसंताचा फोन वाजला. मी आधी मीनलकडं पाहिलं, तिच्या दोन्ही हातात ताटल्या. तो जुना मोबाईल माझ्यासमोर, बंद.

वसंतानं कानाला लावला. "हाँ. हाँ, यहीं बैठे हैं।" आणि फोन माझ्यापुढं धरला.

मी म्हटलं, "वसंता, पुरे. फिट्टंफाट झाली. थट्टा होती रे माझी."

"नंबर तू दिलास ना, अण्णा? मग गाडी जाईपर्यंत फाटक तुझं. सुमेर घरी निघालाय. विचारतोय, तुला फाटकावर पोचायला किती वेळ लागेल?"