बंपरखालची नळी

गजेंद्रसमोर योगेंद्रचं नाव घ्यायचं नाही, हे वर्ध्याच्या त्या रस्त्यावर चहावाल्यालाही ठाऊक होतं. दोघांची गॅरेजं समोरासमोर होती. मध्ये रस्ता, आणि रस्त्यापेक्षा रुंद असं काहीतरी.

दोघे साडभाऊ. यशोदा गजेंद्रची बायको आणि तिची धाकटी बहीण कोकिळा योगेंद्रची. एकेकाळी दोघं एकाच शेडमध्ये काम करायचे. गजेंद्र आष्टीकडचा, विहिरींवरच्या पंपांची डिझेल इंजिनं दुरुस्त करता करता गाड्यांकडे वळलेला. इंजिन ऐकताना डोळे मिटायची सवय त्याला तेव्हाची. योगेंद्रच्या हातात पत्रा कणकेसारखा वळायचा. मग एका बारशाच्या पंगतीत, वरण वाढणं चालू असताना, योगेंद्र मोठ्यानं म्हणाला, "आमचे साडभाऊ आधी पंपवाले, मंग मिस्त्री. गाडीत बी पंपच शोधते."

पंगत हसली. गजेंद्र भरल्या ताटावरून उठला. पुढच्या पोळ्यापर्यंत योगेंद्रची शेड रस्त्यापलीकडे गेली होती आणि 'पंपवाला' हे नाव गजेंद्रला चिकटलं होतं. बहिणी तेवढ्या फोनवर बोलत, तेही आवाज खाली ठेवून.

त्या हिवाळ्यात रजतसर आपली निळी गाडी घेऊन गजेंद्रकडे आले. कोचिंग क्लास चालवणारा हा तरुण माणूस. स्पोर्ट्स कार हौसेनं जुनी घेतलेली, दोन माणसांची, जमिनीला चिकटून चालणारी.

"गजूभाऊ, ब्रेक पाहून घ्या. पण इंजिनाले हात नोका लावू. ते योगूभाऊनं बनवलं हाय."

"काय बनवलं?"

"कंपनीचा फिल्टरचा डबा काढला. जाड नळी खाली बंपरपर्यंत नेली, तिच्या टोकाले मोठा फिल्टर. इंजिन आता थंडी हवा खाते. आयका!"

त्यांनी गाडी सुरू करून पाय दाबला. इंजिननं खोल श्वास ओढला, पोहून वर आलेल्या माणसासारखा. गजेंद्रचे डोळे आपोआप मिटले. काम चांगलं झालं होतं. तेच त्याला झोंबलं.

गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेऊन तो खाली उतरला तेव्हा त्याला तो फिल्टर दिसला. बंपरच्या आत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, उघडा.

"सर, इकडंतिकडं जाता का गाडी घेऊन?"

"दर रविवारी सासुरवाडीले. गिरडकडं."

"रपट्यावरून? नाल्यावरच्या त्या बुटक्या पुलावरून?"

"मंग? गव्हासाठी कालवा सोडला का घोटाभर पानी राह्यते तिथं. निघते गाडी आरामात."

आजवर निघत होती, कारण आजवर फिल्टर वर होता. आता वेगात रपट्यावर शिरली की पाण्याची लाट बंपरवर चढणार आणि इंजिन हवेऐवजी पाणी ओढणार. मग ती निळी गाडी दोरानं बांधून अख्ख्या गावासमोरून योगेंद्रच्या दारात येईल. खड्ड्यात उभ्या उभ्या गजेंद्रनं त्या दृश्याची चव घेतली. गोड लागली. फक्त गप्प बसायचं होतं.

पण त्याला आष्टीकडची एक विहीर आठवली. पाणी चढलं होतं आणि चालू इंजिननं ते गिळलं होतं. एकच आवाज झाला होता, हाड मोडल्यासारखा. पिस्टनचा दांडा वाकून बाहेर आला होता. तो आवाज त्याला कुणाच्याही गाडीत ऐकायचा नव्हता. योगेंद्रनं हात लावलेल्या गाडीतसुद्धा.

तो वर आला. "हे पानी पिईन, सर. हवा दाबल्या जाते, पानी दाबल्या जात नाई. आतला दांडा वाकीन. इंजिन जाईन."

रजतसर हसले. "योगूभाऊ म्हनलेच होते. म्हने, पंपवाला जळून राह्यला, काई ना काई पंपाची गोष्ट काढीनच."

ब्रेकचे पॅड नागपूरहून यायचे होते. गाडी गेली. गजेंद्रनं फडक्यानं हात पुसले, पुन्हा पुसले, आणि रस्ता ओलांडला. चहावाल्याचा गाळणीवरचा हात तसाच राहिला.

योगेंद्रनं वेल्डिंगचा मुखवटा वर केला. "या पंपवाले! रस्ता चुकले का?"

"त्या निळ्या गाडीची नळी वर घे. रपट्यावर बुडीन ते इंजिन."

"मले शिकवून राह्यला?"

"तुले कोन शिकवीन बे? तुही अक्कल शिकन्याच्या पल्याड गेली."

"मंग काऊन आला?"

"इंजिनासाठी. तुह्यासाठी नाई."

"बुडलं तं माहं नाव बुडीन. तू तं पेढे वाटशीन."

"वाटीन. आधीच सांगतलं होतं, हे सांगून वाटीन."

"निंघ!" मुखवटा खाली आला आणि ठिणग्या गजेंद्रच्या पायांपर्यंत उडाल्या.

संध्याकाळी यशोदानं ताट मांडता मांडता विचारलं, "तुमी योगेंद्रची माफी मांगाले गेलते म्हनते? हात जोडले म्हने. कोकिळा सांगत होती. चहाच्या टपरीवर तेच चालू हाय म्हने."

आपलं खरं ठरायला आता ते इंजिन बुडायलाच हवं होतं, हे गजेंद्रच्या लक्षात आलं. रविवारी दिवसभर त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं. आपण कशाची वाट पाहतो आहोत, हे त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

पॅड आले तेव्हा रजतसर आले. गाडी चालवतच आले.

"योगूभाऊनं शनिवारी सोताहून बोलावलं अन् नळी वर घेऊन देली. फुकट! डोकं हाय त्याहिचं."

ब्रेकचं काम आटोपलं. मग गजेंद्रनं काही न विचारता बॉनेट उघडलं. फिल्टर आता वर, पुढच्या दिव्याच्या मागं होता. जाळीतून येणारी हवा सरळ त्याच्यावर पडत होती. इंजिनची झळ लागू नये म्हणून त्याच्याभोवती पत्र्याची पेटी होती, कोपरे गोल वळवलेली, आणि वेल्डिंगची रेघ मुंग्यांच्या रांगेसारखी सरळ. गजेंद्रनं तिच्यावरून बोट फिरवलं. पेटी हलवून पाहिली. चूक शोधली, पुन्हा शोधली. शेवटी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन नळीची क्लिप आवळायला गेला. ती आधीच घट्ट होती, तसूभरही फिरली नाही.

त्यानं बॉनेट आपटून लावलं. समोरच्या शेडमधला हातोडा थांबला.

"सर," तो रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुमच्या योगूभाऊले सांगजा, क्लिप ढिली होती. पंपवाल्यानं कसून देली."