तान्हीचं पाणी

माझं माहेर म्हसवडच्या बाजूचं आणि सासर सांगलीजवळ, कृष्णाकाठचं. माहेरी पाहुण्यानं पाण्याचा दुसरा तांब्या मागितला की घरधनी आढ्याकडं बघायचा. सासरी म्हशीसुद्धा दिवसातून दोनदा डुंबून यायच्या. सासरच्या माणसांना त्या पाण्याचा इतका गर्व की ऐकणाऱ्याला वाटावं, ही नदी ह्यांच्या आज्यानंच कुदळ घेऊन खणली.

पहिल्या बाळंतपणाला मी रीतीप्रमाणं माहेरी गेले. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचा आवाज असा, की बाळंतिणीच्या कळा घाबरून थांबाव्यात. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी माझी आई गुळाचं पाणी घेऊन आली तशा नर्सबाई तिच्यावर धावूनच गेल्या. अंगावर पितंय तोवर पाण्याचा थेंब द्यायचा नाही. गुळाचं नाही, मधाचं नाही, देवाचं तीर्थसुद्धा नाही. सहा महिन्यांनी वरचं खायला लागलं की मग उकळून गार केलेलं, तेही घोट घोट.

"बाई, पुढं उन्हाळा येतोय. पोर सुकून जाईल की," आई म्हणाली.

"दुधात पाणीच असतं. ऊन वाढलं तर जास्त वेळा पाजा. तहान लागली की ते रडून सांगेल त्याच्या आईला. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

खरं सांगायचं तर मला त्यातलं शास्त्र काही कळलं नव्हतं. पण आमच्या घरातल्या थोरामोठ्यांना कुणीतरी झापतंय हे बघूनच मी नर्सबाईंची भक्त झाले. तीन महिने मी पोरीला पाण्याचा थेंब दिला नाही आणि पोरगी कशी गुटगुटीत झाली.

चैत्रात तिला घेऊन सासरी आले. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, नात हातात घेतली आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर तिच्या ओठांवरून बोट फिरवलं.

"वठ वाळल्यात गं हिचं. पाणी पाजतीस न्हवं?"

मी नर्सबाईंचा हुकूम सांगितला. आत्याबाई हसल्या.

"तुमच्याकडं पाणीच न्हाई, म्हणून तसला नेम काढलाय. हितं नदी हाय. माझ्या नातीला म्या का तान्हेली ठेवू?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण ही अक्कल त्यांची एकटीची नव्हती. बाळ बघायला आलेली प्रत्येक बाई तेच म्हणायची. शेजारची एक चुलत सासू तर मला कीव करत म्हणाली, "तिकडं ढोरांस्नीबी एकडावच पाजत्यात म्हणं. लय हाल गं." आमच्या दुष्काळी भागानं काटकसर म्हणून पोरांचं पाणी तोडलंय, असं त्या गल्लीचं एकमुखी मत झालं. मी म्हणजे कंजूष मुलखातनं आलेली कंजूष आई.

नवरा मिलिट्रीत होता. त्याला मी चार पानी पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, 'पाण्याचे बाबतीत घरातील वरिष्ठांचे म्हणणे मानणे. तसेच तुझेही मानणे.' हा माणूस सरहद्द कशी राखत होता, देव जाणे.

मग पहारा माझा मीच सुरू केला. पोरीला डोळ्यांआड होऊ द्यायची नाही. पण दुपारी धुणं घेऊन नदीवर जावंच लागायचं आणि तेवढा वेळ ती आत्याबाईंजवळ असायची. परत येऊन छातीशी घेतलं की ती दोन घोट घेऊन तोंड फिरवायची. माझा पदर दुधानं भिजून जायचा. मला वाटलं, पोरगी शहाणी झाली, आईला त्रास देत नाही. शेजारणींना कौतुकानं सांगितलंसुद्धा. शहाणी ती कसली, तिचं पोट पाण्यानं भरलेलं असायचं. हे मला कळलं ते साबण घरी विसरला म्हणून अर्ध्या वाटेतनं परत आले तेव्हा.

सोप्यात आत्याबाई पाय पसरून बसल्या होत्या. पायांवर माझी लेक. हातात चांदीचं बोंडलं, त्यात माठातलं पाणी. थेंब थेंब तिच्या तोंडात सोडत होत्या आणि हळू आवाजात म्हणत होत्या, "पी गं बाय, पी. पोटभर पी. कमी पडू द्यायची न्हाई मी."

मी धुण्याचं बोचकं तिथंच आपटलं. जे तोंडाला येईल ते बोलले. "तुमची नदी तुमच्यापाशी ठेवा, माझ्या पोरीच्या नरड्यात ओतू नका," इथपर्यंत मजल गेली. एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारी बाई, पण त्या दिवशी बोंडलं घेऊन आत निघून गेली. मी जिंकले म्हणून खूश झाले.

तिसऱ्या दिवशी पोरीला हगवण लागली. पहाटेपासून दुपारपर्यंत दुपटी पुरेनात. टाळू खोल गेली. ती रडायची, पण डोळ्यांतून पाणी येईना. तालुक्याच्या डॉक्टरकडं न्यायला एसटीच्या थांब्यावर धावत गेले तर मागून आत्याबाई. अनवाणी. चप्पल घालायचं भान त्यांना राहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. काय पाजलं होतं, म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "म्या पाणी पाजलं."

"उकळून?"

"नदीचं व्हतं," त्या म्हणाल्या. एवढ्या खालच्या आवाजात कृष्णेचं नाव त्या गावात कुणी काढलं नसेल.

डॉक्टरांनी बजावलं, की अंगावरचं दूध तोडायचं नाही, उलट सारखं पाजायचं. दोन दिवस सुईत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं अशी ओढून प्यायला सुरुवात केली की मला दुखलं, आणि मी त्या दवाखान्यात सगळ्यांदेखत मोठ्यानं रडले. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. रडून झाल्यावर मात्र आत्याबाईंना काय काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव सुरू केली.

घरी आलो आणि दोन-चार दिवसांत माझे वडील आले. आमचं घर पिढीजात मेंढरांवर जगलेलं. वडिलांचं निम्मं आयुष्य कळपामागं गेलं, बोलायला लागले तरी मेंढरांवरच बोलायचे, म्हणून घरात त्यांना कुणी काही विचारायचं नाही. घोंगडं अंथरून ते सोप्यात टेकले. आत्याबाईंनी तांब्याभर पाणी दिलं. ते संपवून, इथं कुणी आढ्याकडं बघत नाही हे ओळखून, त्यांनी दुसरा तांब्या मागितला.

मग आत्याबाई समोर बसल्या आणि काय झालं ते सगळं त्यांनीच सांगितलं. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाही. वडिलांनी ऐकून घेतलं.

"आवं, कोकराला कुनी पाणी पाजतंय व्हय?" ते म्हणाले. "आईला पितंय तोवर ते पाण्याकडं बघतबी न्हाई. चाऱ्याला तोंड लावलं, मग आपसूक पाण्यावर जातंय."

मी थक्क झाले. नर्सबाईंचा नियम शब्दाला शब्द ह्या माणसाला पाठ होता आणि मी त्याच्याच घरी तीन महिने काढून त्याला विचारलं नव्हतं.

"आन् कोकराला हगवण लागली तर?" आत्याबाईंनी विचारलं.

"मग तर आईपाशीच सोडायचं. दूध तोडलं की संपलंच ते."

आत्याबाई माझ्याकडं न बघता सांगायला लागल्या. त्यांचं पहिलं मूल दोन महिन्यांचं असताना वैशाखात त्याला असंच झालं होतं. घरातल्या जाणत्या बायकांनी दूध जड म्हणून बंद करायला लावलं. त्या दिवसभर पाणी पाजत राहिल्या. पाजतील तसं ते वाळत गेलं आणि चौथ्या दिवशी गेलं. सगळी म्हणाली, तहानेनं गेलं, आईनं पाजलेलं पाणी कमी पडलं. मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं, नवऱ्यानंसुद्धा नाही.

"मग ते," आता त्यांनी माझ्याकडं बघितलं, "पाणी कमी पडून न्हवतं गेलं व्हय गं?"

वडिलांनी मान खाली घातली. मी आठवडाभर जुळवलेलं सगळं बोलणं तोंडात तयार होतं. ह्या प्रश्नाचं खरं उत्तरही मला ठाऊक होतं, आणि ते त्यांनाही कळायला लागलंय हे मला दिसत होतं.

"न्हाई आत्याबाई," मी म्हणाले. "तुमी कायबी कमी पडू दिलं न्हवतं."

त्यांनी मान हलवली. आत पाळण्यात लेक उठून कुरकुरायला लागली. आत्याबाई गेल्या, तिला उचललं, तिच्या तोंडाकडं बघत क्षणभर उभ्या राहिल्या आणि आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"पाज," म्हणाल्या.