तेलकट हात काचेला लावायचा नाही

परवा रविवारी दुपारी मलकापुरात, हायवेवरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जाऊन बसले होते. जेवायला नाही... हेरगिरी करायला.

मी आणि माझा मित्र सांगलीत मुलांसाठी टचस्क्रीनचे गेम बनवतो. या हॉटेलात टेबलाच्या काचेखालीच स्क्रीन बसवलाय. ऑर्डर येईपर्यंत खेळायचं, ताटं आली की स्क्रीन बंद. जेवताना मुलांचं लक्ष ताटात आणि माणसांत हवं, यावरून मी मालकांशी कडाकडा भांडले आहे... आणि माझी व्याख्यानं ऐकलेल्यांना माहीत आहे, मी माघार घेत नाही.

पहिल्या खेपेला मात्र आम्हीच तोंडावर आपटलो होतो. सगळा खेळ स्क्रीनच्या उजव्या बाजूला! ऑफिसात खेळून बघताना कुणाच्या हातात भजी नव्हती ना... इथे मुलांचा उजवा हात कायम मसाला पापडात. मग पोरं डावा हात आडवा घालायची आणि पाण्याचे ग्लास लवंडायचे. म्हणून आता सगळं डावीकडे आणलं होतं, आणि ते कसं चाललंय हे बघायला मी कोपऱ्यात बसले होते.

शेजारच्या टेबलावर तिघं आले. मिलिटरीतून रिटायर झालेले आजोबा, त्यांची सून आणि दुसरीतली नात, ओवी. इस्लामपूरकडचे आहोत, साताऱ्याला लग्नाला गेलो होतो, हे सगळं आबांनी वेटर पाणी ठेवेपर्यंत सांगून टाकलं.

भजी आली. ओवीचा डावा हात पटकन पुढे झाला... आणि तितक्याच पटकन मागे गेला. तिने तो मांडीखाली घातला आणि त्यावर बसली. कुणी काही बोललं नव्हतं. उजव्या हाताने भजी उचलली, ती निम्म्यातच खाली पडली.

"पडंना का," आबा म्हणाले. "आणि एक घे. सवय हुईल हळूहळू."

एका हाताला पवित्र ठरवायचं, दुसऱ्याला पापी, आणि या न्यायनिवाड्याची शिक्षा सात-आठ वर्षांच्या लेकराने भोगायची? अख्खं भाषण ओठांवर आलं. पण आबा भजी फुंकून गार करून, तिचे तुकडे करून तिच्यापुढे ठेवत होते. "लोकांनी नावं ठिवाय नगो पोरीला, एवढंच," ते सुनेला म्हणाले. त्या माणसाला दुष्ट म्हणणं मला जमेना.

तेवढ्यात काचेखाली स्ट्रॉबेरीचा मळा उगवला. आमचा गेम सोपा आहे... लाल झालेल्या तेवढ्याच स्ट्रॉबेरी बोटाने टिपायच्या, हिरवीला हात लागला की मार्क कमी.

"तेलकट हात काचंला लावायचा न्हाई हं," ओवीची आई म्हणाली.

ओवीने आबांकडे पाहिलं.

"खेळाय काढ की. खाताना तेवढा न्हाई."

हात बाहेर आला. काय सांगू... त्या हाताला जणू डोळे होते! टपटप टपटप, एकही हिरवी लागली नाही. आबा खुर्ची ओढून पुढे सरकले. "आगं, आमी सरहद्दीवर निशाणं मारलीत, ही स्ट्रॉबेरी काय घिऊन बसलीस!" असं म्हणत त्यांनी पापडाचा हात पुढे केला.

"आबाऽऽ, तेलकट!" ओवी ओरडली.

मग आबांनी डावा हात घेतला आणि सगळी हिरवी फळं तोडली. सून पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"परत लाव," आबा म्हणाले. परत हरले. बोट एकीकडे, डोळे एकीकडे. "ह्यो हात माझं ऐकतच न्हाई गड्या," असं म्हणून ते आपल्याच हाताकडे बघत बसले.

ओवीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "आबा, तो अजून शिकला नाहीये ना. रोज थोडं थोडं करायचं. मी करते ना उजव्याने, तसं. पहिल्यांदा रडू येतं... पण कुणाला दाखवायचं नाही."

सून हसायची थांबली.

ताटं आली, स्क्रीन विझला. ओवीने न सांगता डावा हात पुन्हा मांडीखाली घातला.

"ओवे, काढ त्यो हात."

"आबा, आता जेवायचंय."

"व्हय, म्हणूनच म्हणतोय. चल, साबणानं धुऊ. आन त्यानंच जेव."

"लोक बघतील की."

"बघू देत. मी बसलोय न्हवं हितं."

दोघं बेसिनपाशी गेले. ओवीला नळ उंच पडत होता, म्हणून आबांनी तिला उचलून धरलं. सून भरल्या डोळ्यांनी ताटातली कोशिंबीर सारखी करत राहिली.

संध्याकाळी सांगलीत मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "गेमच्या शेवटी एक संदेश टाकूया, डावखुऱ्या मुलांना समजून घ्या वगैरे." एरवी असा संदेश मीच चार पानी लिहिला असता. नको म्हटलं. मी तासभर बोलले असते तर आबांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि घरी जाऊन पोरीला हातावर बसवलं असतं. आपला हात ऐकेनासा झाला की कसं वाटतं, हे त्यांना कळायला हवं होतं, आणि ते कुठल्याही माइकवरून सांगता येत नाही.

आबा, तुम्ही ही पोस्ट वाचणार नाही बहुतेक. पण नातीकडून दोनदा हरलात, गेमला नावं ठेवली नाहीत, आणि भरल्या हॉटेलात आपलं मत बदललंत... इतकी वर्षं व्यासपीठावर वावरते आहे, एवढं मोठं माणूस फार क्वचित पाहिलं.